हार्ले क्विन आधी कुठे आली आणि अल्फ्रेड बारीक कसा झाला

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगतो. त्यांचा मुलगा आठवीत आहे आणि सुट्टीला मामा आला की दोघांचं भांडण ठरलेलं. मुलगा म्हणतो हार्ले क्विन म्हणजे सिनेमातली, दोन शेंड्या आणि हातात बॅट, मामा म्हणतो गप रे, कॉमिक्समधली खरी, सिनेमावाल्यांनी वाट लावली तिची. ताई विचारतात की एकच पात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं का असतं, हे लोक पैशासाठी मुद्दाम बदलतात का, आणि मुलाला शाळेच्या प्रोजेक्टला असं एक पात्र घ्यायचंय तर कुठलं घ्यावं.

भांडण आधी मिटवतो. दोघंही हरले. हार्ले क्विन ना सिनेमातून आली ना कॉमिक्समधून, ती आली कार्टूनमधून. सप्टेंबर १९९२, बॅटमॅनची टीव्हीवरची ॲनिमेटेड मालिका, लेखक पॉल डिनी आणि चित्रकार ब्रूस टिम, आणि पहिल्या भागात ती जोकरची एक हाताखालची बाई, बस एवढंच, पुढे कोणी तिला ठेवायचं ठरवलंसुद्धा नव्हतं. पण आर्लिन सॉर्किनचा आवाज असा काही बसला की ती परत आली आणि मग येतच राहिली. कार्टूनवरून निघालेल्या कॉमिक्समध्ये ती १९९३ ला आली आणि बॅटमॅनच्या मुख्य कॉमिक्समध्ये यायला १९९९ उजाडलं. म्हणजे मामा ज्याला मूळ म्हणतोय ती नक्कल आहे, आणि भाचा जिला खरी म्हणतोय ती नकलेची नक्कल, २०१६ ची.

मी ठाण्यात राहतो, बावीस वर्षं ॲनिमेशनमध्ये आहे, आधी इनबिटवीन काढायचो, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं, मग स्टोरीबोर्ड, आता कॅरेक्टर डिझाइन बघतो. त्यामुळे माझं उत्तर जरा कामगाराचं उत्तर आहे, समीक्षकाचं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी मोठा माणूस केबिनमध्ये बसून ठरवतो की चला आता याला नवा अवतार देऊ. कधीकधी तसंही होतं. पण मी जे बघितलंय त्यात निम्म्याहून जास्त बदल हे कोणाचा तरी हात दुखतो म्हणून होतात.

कार्टूनमध्ये प्रत्येक रेघेला भाडं पडतं. हिशोब बघा. सेकंदाला चोवीस फ्रेम, आपण साधारण एक चित्र दोन फ्रेम धरतो, आमच्यात त्याला टूजवर काम करणं म्हणतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. बावीस मिनिटांचा भाग म्हणजे १,३२० सेकंद, गुणिले बारा, १५,८४०. तेवढी सगळी कोणी नव्याने काढत नाही, कुठे नुसते ओठ हलतात, कुठे जुना शॉट परत वापरतात, पण हा आकडा डोक्यात ठेवा. आता कॉमिक्सच्या चित्रकाराने स्पायडरमॅनच्या अंगभर जाळी काढली, त्याला पानावर स्पायडरमॅन चार-पाच वेळा काढायचाय, त्याचं काय जातंय. कार्टूनवाल्याला तीच जाळी हजारो वेळा काढायचीय आणि तीही हलताना, हात वळला की प्रत्येक रेघ वळली पाहिजे. म्हणून १९६७ च्या कार्टूनमधला स्पायडरमॅन नीट बघा, जाळी आहे ती तोंडावर, हातमोज्यांवर आणि बुटांवर, बाकी अंग सपाट. लहानपणी वाटायचं हा वेगळा ड्रेस आहे. ड्रेस कसला, बजेट आहे ते.

हे माझ्या हातून पण झालंय म्हणून सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका स्टुडिओत होतो, बाहेरच्या क्लायंटचं काम, हिरोच्या पट्ट्याला नऊ पाऊच. मॉडेल शीटवर, म्हणजे ज्या नमुन्यावरून सगळे काढतात त्या कागदावर, फार छान दिसायचे, समोरून, बाजूने, मागून, सगळं टर्नअराउंड तयार. पहिल्या लाइन टेस्टला, म्हणजे नुसत्या रेघांची चित्रं हलवून बघायला बसलो आणि पाऊच नाचायला लागले. एका मुलीने आठ काढलेत, तिच्या शेजारच्याने दहा, हिरो पळत येतोय आणि पट्टा जणू बबल रॅप. रीटेकचा कागद एवढा लांब आला की सुपरवायझरने तो वाचलाच नाही, नुसता माझ्याकडे सरकवला. मी चार पाऊचचं डिझाइन काढून पाठवलं, सोबत लिहिलं की चार ठेवले तर ॲक्शन जास्त क्लीन वाचली जाईल, कारण हात दुखतात असं क्लायंटला लिहीत नाहीत. पास झालं. पुढे त्या पात्राचं खेळणं आलं, त्याला चार. मग मुलांचं पुस्तक आलं, त्यातही चार. मूळ कागदावर नऊ होते हे आज आमच्यातल्या सात-आठ जणांशिवाय कोणाला ठाऊक नसेल.

आता हेच मोठ्या प्रमाणावर सुपरमॅनला लावा. १९३८ ला पहिल्या अंकात आला तेव्हा तो उडत नव्हता. उडी मारायचा, एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर. ठाणे स्टेशनवर बारा डब्यांची लोकल उभी असेल ना, ती सुद्धा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका उडीत पार व्हायची नाही त्याच्याकडून. कॉमिक्समध्ये हे चालून जातं कारण चित्र मधल्या हवेत थांबलेलं असतं, तो वर चाललाय की खाली येतोय कोणी विचारत नाही. १९४१ ला फ्लायशर स्टुडिओने कार्टून करायला घेतलं तेव्हा अडचण कळली, उडी म्हटलं की आधी गुडघे वाकवा, मग वर जा, मग खाली या, मग धपकन उतरा, आणि परत तेच, पोलादी पुरुष कसला, बेडूक दिसायचा. मग त्याला सरळ उडू द्यायचं ठरलं. रेडिओवर तो १९४० पासून होताच आणि तिथे उडणं काय, वाऱ्याचा आवाज काढला की झालं, त्याला कोण बघतंय. कॉमिक्सने हे मागाहून घेतलं. आज कोणालाही विचारा सुपरमॅन काय करतो, पहिलं उत्तर उडतो.

रेडिओचं तर वेगळंच आहे. तिथे चित्र नाही त्यामुळे हिरोला बोलायला माणूस लागतो, नाहीतर तो एकटाच स्वतःशी बडबडत बसणार. जिमी ओल्सन या नावाचा पोरगा रेडिओवर आला, संपादक पेरी व्हाइट रेडिओवर आला, आणि क्रिप्टोनाइट सुद्धा, सुपरमॅनला हतबल करणारा तो दगड, १९४३ ला रेडिओवर, कॉमिक्समध्ये १९४९ ला. आणि छातीवरचा तो एस, तो त्याच्या घराण्याचं चिन्ह आहे वगैरे आपण मानतो ना, ते १९७८ च्या सिनेमाने आणलं. त्याआधी एस फॉर सुपरमॅन, सरळ हिशोब. म्हणजे आपल्या डोक्यातला सुपरमॅन घ्या आणि एकेक भाग सुटा करा, उडणं कार्टूनचं आणि रेडिओचं, क्रिप्टोनाइट रेडिओचं, चिन्ह सिनेमाचं, कॉमिक्सचं उरतं काय तर चष्मा, नोकरी आणि लाल चड्डी. आणि चड्डी पण २०११ ला कॉमिक्सने काढली, २०१३ च्या सिनेमातही नव्हती, २०१८ ला कॉमिक्समध्ये परत आली, २०२५ च्या सिनेमात परत आली. चड्डीवरून एवढं राजकारण आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून होत नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र अल्फ्रेड, बॅटमॅनचा बटलर. १९४३ च्या कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो चांगला गोल गरगरीत, दाढीमिशी सफाचट, विनोदी पात्र. त्याच वर्षी थिएटरसाठी बॅटमॅनची सीरियल आली, दर आठवड्याला एक भाग अशी, त्यात विल्यम ऑस्टिन नावाचा नट घेतला होता, तो उंच, सडपातळ, बारीक मिशीवाला. आता लोक थिएटरमधून बाहेर येणार आणि कॉमिक्स उघडणार तर आत भलताच माणूस. मग कॉमिक्सवाल्यांनी काय केलं, तर अल्फ्रेडला एका हेल्थ रिसॉर्टला पाठवलं आणि १९४४ च्या सुरुवातीला तो बारीक होऊन मिशी ठेवून परत आला. बास. ऐंशी वर्षं झाली, तोच अल्फ्रेड चाललाय. मला हे फार आवडतं कारण त्यात कोणी लपवाछपवी केली नाही, माणूस बारीक होतो की, होतो. त्या सीरियलने बॅटमॅनला गुहा पण दिली, तीही कॉमिक्सने उचलली.

सगळेच बदल असे जुगाडाचे असतात असं नाही, काही खरंच कोणीतरी जीव ओतून केलेले असतात. बॅटमॅनचा खलनायक मिस्टर फ्रीझ बघा. १९५९ ला तो मिस्टर झिरो नावाने आला, बर्फाची बंदूक घेतलेला एक साधा चोर, हिऱ्यांच्या मागे. १९६६ च्या टीव्ही मालिकेने नाव बदलून फ्रीझ केलं, कॉमिक्सने तेच घेतलं, पण पात्र तसंच फालतू. मग १९९२, तीच हार्लेवाली मालिका, तोच डिनी. त्याने याला एक बायको दिली, नोरा, असाध्य आजारी, गोठवून ठेवलेली, आणि हा तिला बरं करायच्या धडपडीत असताना अपघात होऊन स्वतःच गोठलेला. एक काचेचा गोळा दाखवलाय, आत बॅले नाचणारी छोटी बाहुली, हलवला की बर्फ पडतो, आणि हा त्याच्याशी बोलतो, आवाज एकदम सपाट, चढउतार नाही. तो सपाट आवाज हाच खरा खेळ आहे. आमच्या धंद्यात लोक दुःख दाखवायचं म्हटलं की भुवया वाकड्या करतात, तोंड थरथरवतात, इथे चेहऱ्यावर लाल चष्मा आणि डोक्यावर काचेचा हंडा, म्हणजे हलवायला काही शिल्लकच नाही. जे हलत नाही त्याच्यावरच पूर्ण भाग उभा केला. मी नवीन पोरांना हा भाग आवाज बंद करून एकदा आणि चित्र बंद करून एकदा असा दाखवतो.

या भागाला लेखनासाठी एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार मिळाला, कॉमिक्सने नोराची गोष्ट उचलली, आणि १९९७ च्या सिनेमात तीच नोरा, तोच आजार, पण फ्रीझ म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, तोंडात बर्फावरचे विनोद एकामागून एक. गोष्ट तीच असून पात्र बदलतं कसं हे बघायचं असेल तर हे दोन समोरासमोर ठेवा. तुम्हाला कथा वेगळी सापडणार नाही. वेग वेगळा, रंग वेगळे, आणि समोर एक माणूस ज्याला लोक बघायला आलेत म्हणून तो दर दोन मिनिटांनी दिसला आणि बोलला पाहिजे.

रेघेचं भाडं हे पहिलं कारण, तर दुसरं कारण ही सिनेमाची अडचण, माणूस. रेघ नाही, हाडामांसाचा माणूस, आणि त्याला घाम येतो. १९८९ चा बॅटमॅन बघताना लक्ष द्या, मायकल कीटनला मान वळवता येत नाही, रबराचा मुखवटा खांद्याला जोडलेला, कोणी हाक मारली की हा अख्खा वळतो. लोकांना तो रुबाब वाटला. २००८ च्या सिनेमात ब्रूस वेन नवीन सूट मागतो तेव्हा मान वळवता यावी ही त्याची मागणी आहे, म्हणजे एकोणीस वर्षांची तक्रार संवादात घालून टाकली. एक्स-मेन या टोळीतला वूल्व्हरिन कॉमिक्समध्ये पाच फूट तीन इंच, बुटका म्हणूनच चिडका, आणि सिनेमात आला ह्यू जॅकमन, सहा फुटांच्या वर. २००० च्या सिनेमात सगळ्यांना काळं चामडं घातलं आणि पिवळ्या कपड्यांची टिंगल केली, पुढच्याच वर्षी कॉमिक्समध्ये पण सगळे चामड्याच्या जॅकेटमध्ये. पिवळा सूट पडद्यावर नीट यायला २०२४ लागलं आणि थिएटरमध्ये लोक शिट्ट्या मारत होते, मी पण मारली.

तिसरं कारण कात्री, म्हणजे सेन्सॉर. १९९४ च्या स्पायडरमॅन कार्टूनमध्ये मॉर्बियस नावाचं पात्र आहे, कॉमिक्समध्ये तो रक्त पितो, दुसरं काही कामच नाही त्याला. पण शनिवार सकाळचं मुलांचं चॅनल, चावायचं नाही, रक्त म्हणायचं नाही. मग त्याच्या तळहाताला भोकं दिली आणि तो त्यातून प्लाझ्मा शोषतो असं दाखवलं. आता खरं सांगा, मानेला चावणं जास्त भीतीदायक की तळहाताला उघडझाप करणारी तोंडं? पोरं घाबरू नयेत म्हणून जे केलं ते मूळपेक्षा भयानक झालं.

आणि चौथं, जे आपल्याकडे कोणी मोजत नाही, भाषा. माझ्या वडिलांकडे इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, नौपाड्यातल्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेला, त्यात वेताळ. ली फॉक यांचा फँटम, १९३६ चा, पण मराठीत तो वेताळ झाला आणि माझ्या मते तिथे पात्रच बदललं. आजी वेंगुर्ल्याकडची, तिच्यासाठी वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा, जो रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तिला मी मुखपृष्ठ दाखवलं, जांभळे कपडे, मुखवटा, शेजारी लांडगा, म्हटलं हा जंगलात राहतो, वाईट लोकांना मारतो, मरत नाही असं लोक म्हणतात. ती म्हणाली, मग चपला कुठेत त्याच्या? इंग्रजी वाचणाऱ्याला तो मुखवटेवाला गोरा माणूस होता, आमच्या घरात तो राखणदार. आपल्या आवृत्तीत देशाचं नाव बंगालाचं डेंकाली झालं. कपड्यांचं म्हणाल तर फॉक यांच्या मनात राखाडी होता, १९३९ ला रविवारची रंगीत पट्टी आली तेव्हा जांभळा झाला, स्कँडिनेव्हियात निळा, इटलीत लाल. कोणता खरा? ज्याने जो आधी वाचला तो.

आपल्याकडचं हवं असेल तर फास्टर फेणे आहेच, भा. रा. भागवतांच्या पुस्तकात शाळकरी पोरगा, १९८७ च्या दूरदर्शनवर सुमीत राघवन, २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ, तोपर्यंत बन्या चांगला मोठा झालेला. वय गेलं, सायकलवरचं पुणं गेलं, पण ट्टॉक राहिलं, आणि ट्टॉक राहिलं म्हणून लोकांनी ओळखलं.

पवित्र प्रभाकरचं सांगतो आणि मग पैशावर येतो. भारतातला स्पायडरमॅन म्हणून २००४ ला कॉमिक्स आलं, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचं. त्यात धोतर, मुंबई, शक्ती देतो एक योगी, मूळ गोष्टीतला खलनायक नॉर्मन ऑसबॉर्न, त्याचा झाला नलिन ओबेरॉय. मला ते तेव्हा जरा कॅलेंडरवरच्या चित्रासारखं वाटलं होतं, सगळं भारतीय एकदम एका पोराच्या अंगावर. २०२३ च्या ॲनिमेटेड सिनेमात तोच पवित्र आला, शहराचं नाव मुंबॅटन, धोतराचा घोळ तसाच पण केस असे की मुखवट्यातून वर येतात, आणि मुख्य म्हणजे तो आनंदी आहे. हा बदल मला मोठा वाटतो. भाचीला घेऊन गेलो होतो, हिंदीत शुभमन गिलचा आवाज, ती परत येताना घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षातून बघत म्हणाली मामा हेच आहे की मुंबॅटन, फक्त तिकडे खड्डे नाहीत.

पैशासाठी बदलतात का, तर हो, ते पण आहेच, कोणी समाजसेवा करत नाही. पण पैसा बदल सुरू करतो, तो टिकवू शकत नाही. २०१६ च्या हार्लेचे कपडे किती विकले गेले असतील, आणि तरी पात्र म्हणून लोक सांगतात ते डिनी आणि टिमचंच, कार्टूनवरून निघालेल्या १९९४ च्या कॉमिक्समधलं, डॉक्टर बाई जोकरच्या प्रेमात वेडी झाली ते. तो लाल-काळा पोशाख ब्रूस टिमने इतका सपाट काढला की कोणीही काढू शकतं, तेही परत रेघेच्या भाड्यामुळेच, आणि म्हणूनच तो शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर जातो. सिनेमातल्या हार्लेचा टीशर्ट, त्यावरची अक्षरं, टॅटू, वहीवर काढून दाखवा.

आता प्रोजेक्ट. हार्ले नका घेऊ, वर्गातल्या बाईंना जोकरचं प्रेमप्रकरण समजावत बसावं लागेल. अल्फ्रेड घ्या. तीन चित्रं पुरेत: १९४३ चा जाडा, सीरियलमधला विल्यम ऑस्टिन, १९४४ चा बारीक. जाडा शोधताना बॅटमॅन अंक १६ असं शोधा, नुसतं अल्फ्रेड टाकलं तर सगळे मिशीवालेच येतात. आणि चित्रं प्रिंट काढून चिकटवू नका, मुलाला काढायला लावा, पेन्सिलने, तिन्ही एकाच मापाची. जाड्याचं पोट काढताना तो कुठे अडतो ते मला कळवा, तिथे गोलाच्या आत अजून एक गोल लागतो, एका कागदावर काढून पाठवतो.